विधवेचं काम

दिवसाला दोन मार्क, दुपारी वाटाण्याचं सूप.
एवढ्यासाठी मी विधवा झाले
चित्रकार व्हिंडिंगच्या माडीवर, उत्तरेच्या खिडकीखाली,
आपण हरलो त्या वर्षीच्या उन्हाळ्यात.

माझा नवरा घरीच होता.
लाउरिड्स. चुलीपाशी, तिवईवर.
उजव्या पायाची तीन बोटं गेलेली,
बाकी सगळा परत आला,
असं मी शेजारणींना सांगायचे.

चित्रकार म्हणायचा, मान खाली, आबेलोने.
एवढी नको, ही तर डुलकी झाली.
दुःख हवंय मला. ओठ मिटलेले, पण आवळलेले नाहीत.
घर बुडालंय तुझं, डेन्मार्क बुडालाय,
आणि तरी तू बघत राहावीशी वाटतेस.

मी ओठ मिटले.
मनात हेरिंग माशांचा हिशेब मांडला:
किती पिंपं मिठात, किती उधारीत,
मिठाचेच पैसे कुणाकडून आणायचे.
तो ओरडला, अस्सं! आता हलू नकोस.

माझ्या पायाशी, पेंढ्यावर,
पंधरा दिवस मेलेला सैनिक पडून असे.
पाववाल्याचा सेवरिन, सतरा वर्षांचा,
छातीवर लाल चिंधी.
पेंढ्याची कुसळं त्याच्या नाकात जात
आणि शहीद शिंकत असे.
तेवढ्यापुरती मी हसून घ्यायचे, खांद्याआड.

संध्याकाळी लाउरिड्स विचारी,
काय झालं आज लढाईत?
मी सांगे: आज निशाण आलं. फाटकं, पण रेशमी.
आज घोडा आला, पांढरा.
आज धूर भरला, नि धुरातून ऊन. डावीकडून.

तो ऐकून घेई. एकदाच बोलला,
बटाटा सोलता सोलता, सुरी न थांबवता:
धूर नव्हता गं.
फेब्रुवारीतली रात्र. हुकूम आला, तटबंदी सोडा.
मी एक गोळी झाडली नाही. चालत सुटलो.
रस्त्यावर काचेसारखा बर्फ. घोडे पडत होते,
पडलेले उठत नव्हते, पांढरा एकही नव्हता.
पुढच्याच्या टाचांकडे बघायचं. बस.
त्या थांबल्या की थांबायचं.
उजाडल्यावर कळलं,
किती वेळ कुणास ठाऊक, मी दोन दगडांकडे बघत
उभा होतो. काळे दगड. टाचांएवढे.

चित्रकाराला मी हे सांगितलं नाही.
सांगून काय?
त्याच्या कॅनव्हासवर सगळ्यांची तोंडं होती.

माझा झगा तपकिरी, त्याने काळा रंगवला.
रंग घोटणारा पोऱ्या म्हणाला,
हा काळा हाडं जाळून करतात.
घरी सांगितलं तेव्हा लाउरिड्सची सुरी थांबली.
कुणाची हाडं?
गुरांची, मी म्हटलं.
मी विचारून घेतलं होतं.

हिवाळ्यात चित्र बोटीने कोपनहेगनला गेलं.
लोकांनी म्हणे टोप्या काढल्या,
एका बाईला बाकावर बसवून पाणी द्यावं लागलं.
मला कुणी पाणी देईल असं
माझं तोंड कधीच नव्हतं. असो.
काम चोख झालं होतं.

पुढल्या वर्षी वाण्याच्या खिडकीत छापील प्रत लागली,
काळी-पांढरी, कॉफीच्या डब्यांमध्ये.
लाउरिड्स काठी टेकत आला माझ्याबरोबर.
ही तू?
मी.
आणि हा सेवरिन. बरा पडलाय.

मला वाटलं आता निघेल.
पण तो वाकला, काचेला नाक लागेपर्यंत.
खाली, उजव्या कोपऱ्यात,
सहीच्या अलीकडे थोडी जागा उरली होती,
ती भरायला चित्रकाराने
दोन दगड काढले होते.

वाणी आतून बघत होता. रस्त्यावर गाडी येऊन गेली.
चल, मी म्हणणार होते.
मग माझी नजर त्याच्या टाचांवर गेली.
त्या हलेपर्यंत
मीही थांबले.